पाचव्या बदामाची वाट

पोकरमध्ये एका रंगाची पाच पानं जमली की हात भारी. समजा, हातातली दोन आणि टेबलावरची चार पानं मिळून चार बदाम झालेत, शेवटचं पान उघडायचंय. न दिसलेली पानं 46, त्यांत बदाम 9. म्हणजे पाचांत साधारण एकदाच जमणार. मध्ये 300 रुपये आहेत, पुढे जायला 100 लागतात. पाच वेळांत 400 जातील, 300 येतील, सोडावं. मध्ये 500 असते, तर परवडलं असतं.

आधी घातलेले पैसे यात मोजायचे नाहीत. पण आपण म्हणतो, "एवढे घातलेत, आता कसं सोडू?" आणि तोट्यातल्या धंद्यासाठी दुसरं कर्ज मागतो. म्हणून गटात आम्ही एवढंच विचारतो: आता किती लागेल, किती येईल? पैसे लावून पत्ते नकोत. हिशोब मात्र शिकू या.