उबेची चाहूल घेणारा दिवा

दिवाळी हा दिवे लावण्याचा सण खरा. परंतु वर्षाच्या उरलेल्या दिवसांत आपल्या मध्यमवर्गीय घरांतून चर्चा चालते ती दिवे मालवण्याची. "पॅसेजमधला दिवा कोणी चालू ठेवला?" हा प्रश्न दिवसातून एकदाही विचारला जात नाही, असे घर पुण्या-मुंबईत काय किंवा नाशिक-नागपुरात काय, शोधूनच काढावे लागेल. आजोबा विचारतात, वडील विचारतात आणि ज्या मुलांना तो विचारला जातो तीच पुढे आपल्या मुलांना तो विचारू लागतात. या पिढीजात प्रश्नाला उत्तर म्हणून वाटीएवढी एक पांढरी डबी अलीकडे घरोघरी छताला चिकटलेली दिसते. माणूस आला की दिवा लागतो, माणूस गेला की थोड्या वेळाने मालवतो. दुकानदार तिला 'मोशन सेन्सर' म्हणतो, वायरमन नुसते 'सेन्सर' म्हणतो आणि घरातली मुले 'जादूचा दिवा' म्हणतात.

भाषेचा मास्तर या नात्याने मला विचाराल, तर या डबीच्या कामाला मराठीत एक फार सुरेख शब्द तयार आहे. तो म्हणजे 'चाहूल'. पाहुण्याची चाहूल लागते, पावसाची लागते, दबकत आलेल्या मांजराचीही लागते. फरक इतकाच की, आपल्याला चाहूल लागते ती बहुधा कानांनी, पावलांच्या आवाजावरून. या डबीला कान नाहीत, आणि आपल्या अर्थाने डोळेही नाहीत. तिला चाहूल लागते ती अंगाच्या उबेची. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर ती कोठे बसवावी, कोठे बसवू नये आणि तिच्यावर किती विसंबावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

डबीला काय दिसते?

१८०० साली विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदाने सूर्यप्रकाशाचे लोलकाने रंग पाडले आणि प्रत्येक रंगाची उष्णता तापमापकाने मोजली. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढला! हेच अवरक्त किरण. सूर्यच काय, तुमच्याआमच्या अंगातूनही ते सतत बाहेर पडत असतात. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३३-३४ अंश सेल्सिअस असते, आणि त्या उबेचे किरण मुख्यतः ९ ते १० मायक्रोमीटर लांबीच्या लहरींचे असतात. अंधाऱ्या खोलीतला माणूसही एका अर्थी मंद तेवणारा दिवाच असतो; तो उजेड आपल्याला दिसत नाही, इतकेच.

हा उजेड ओळखण्याची किल्ली एका खड्याने दिली. अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी सिंहलद्वीपातून युरोपात नेलेला टूर्मलीन हा खडा तापवला की राख ओढून घेई. तापमान बदलले की काही स्फटिकांत विजेचा भार निर्माण होतो, हे त्यामागचे कारण. १८२४ साली डेव्हिड ब्रूस्टर यांनी या गुणाला नाव दिले. आजच्या सेन्सरच्या पोटातला कण टूर्मलीनचा नसतो, पण गुण तोच.

डबीत असे दोन कण शेजारीशेजारी, परंतु एकमेकांच्या विरुद्ध जोडलेले असतात. खोली हळूहळू तापली, तर दोघांवर सारखाच परिणाम होऊन बेरीज शून्य होते. डबी गप्प राहते. माणूस चालत गेला, तर त्याची ऊब आधी एका कणावर आणि मग दुसऱ्यावर पडते, बेरीज बिघडते आणि दिवा लागतो. वरचे दुधी भिंग काचेचे नसून पॉलिथिनचे असते, कारण हे किरण काचेतून पार होत नाहीत. त्या भिंगाला पाडलेले पैलू सबंध खोलीचे पाकळ्यांसारखे भाग करतात, आणि एका पाकळीतून दुसरीत गेलेली ऊब कणांवरून सरकत जाते. फ्रान्सच्या फ्रेनेल यांनी १८२३ साली दीपगृहासाठी जे पातळ, पैलूदार भिंग बसवले, त्याच घराण्यातले हे धाकटे भावंड. थोरले जहाजांना वाट दाखवी. धाकटे आपल्याला न्हाणीघराची दाखवते.

बसलेला माणूस 'नाही'

यातून एक विलक्षण निष्कर्ष निघतो. या डबीला माणूस कळत नाही; सरकणारी ऊब कळते. जो स्तब्ध बसला, तो तिच्या लेखी घरातच नाही. आमच्या परिचयाच्या एका घरी उत्साहाच्या भरात देवघराच्या खोलीतही सेन्सर बसवला गेला. आजी जपाला बसल्या आणि पाचव्या मिनिटाला अंधार! हात हलवावा तेव्हा उजेड, माळ ओढावी तोवर पुन्हा अंधार. शेवटी आजी म्हणाल्या, "सूनबाई, जो हातवारे करील त्यालाच हे यंत्र देवापुढं बसू देतं वाटतं!" दुसऱ्याच दिवशी ती डबी जिन्यात गेली.

आजींच्या बोलण्यात सगळे शास्त्र आले. जेथे माणसे *जातात*, तेथे सेन्सर. जेथे माणसे *बसतात*, तेथे साधे बटण. जिना, पॅसेज, चपलांची जागा, माळ्याखालची अडगळ, धुण्याची बाल्कनी, वाहनतळ या त्याच्या हक्काच्या जागा. अभ्यासाची खोली, देवघर, आजाऱ्याची खोली या नव्हेत.

पैशाचा हिशेब

विक्रेते सांगतात की विजेची प्रचंड बचत होते. हा हिशेब आपण स्वतःच करून पाहिलेला बरा. समजा, चार मजली इमारतीच्या जिन्यात २० वॅटच्या आठ एलईडी नळ्या रात्री अकरा तास जळतात. रोज १.७६ युनिट झाले. सेन्सरमुळे प्रत्येक नळी सरासरी दोनच तास जळली, तर खर्च उरतो ०.३२ युनिट. वर्षाकाठी सुमारे सव्वापाचशे युनिट वाचले. युनिटला दहा रुपये धरले, तर सव्वापाच हजार रुपये. सोसायटीने जरूर बसवावेत.

आता घरातला पॅसेज घ्या. ९ वॅटचा एक दिवा रोज चार तास विनाकारण जळला, तरी वर्षाला तेरा युनिट होतात. सेन्सर स्वतः चोवीस तास जागा असतो. त्याची भूक अर्धा वॅट धरली, तर वर्षाला चार-साडेचार युनिट तोच खाणार. उरली साडेआठ-नऊ युनिट, म्हणजे पंच्याऐंशी-नव्वद रुपये! जुन्या ६० वॅटच्या दिव्याच्या काळी हीच बचत ऐंशीच्या वर युनिटांची झाली असती. एलईडी दिव्याने सेन्सरची ती बढाई काढून घेतली आहे.

मग घरात तो बसवावा कशासाठी? माझ्या मते एकाच कारणासाठी, आणि ते पैशांत मोजण्यासारखे नाही.

रात्री दोन वाजता

ज्या घरात सत्तरी ओलांडलेले माणूस आहे, त्या घरातली रात्र आठवा. आजोबांना रात्री दोनदा उठावे लागते. दिव्याचे बटण पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला. शिवाय दिवा लावला तर मुलाची झोप मोडेल, नातवाची परीक्षा आहे, हा संकोच आहेच. मग ते भिंतीला हात लावीत अंधारातून जातात. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. विशीतल्या डोळ्याच्या मानाने साठीतल्या डोळ्याच्या दृष्टिपटलापर्यंत सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. तेव्हा आपल्याला जो अंधुक उजेड वाटतो, तो त्यांना अंधारच असतो. त्यात पायपुसणे सरकले किंवा नातवाची मोटार वाटेत आली, की पुढचे सगळे इस्पितळात.

आणि वडीलधारी माणसे मागत नाहीत, हीच खरी अडचण. "मला रात्री उजेड हवा" असे म्हणणारे आजोबा मी फार थोडे पाहिले. पलंगावरून पाय खाली ठेवून दोन पावले टाकताच न मागता उजेड यावा, यात नुसती सोय नाही; त्यांच्या संकोचाची राखलेली बूज आहे.

वायरमन येण्यापूर्वी

भिंतीपेक्षा छत बरे, याचे कारण पाकळ्यांत आहे. भिंतीवरच्या सेन्सरकडे माणूस सरळ चालत आला, तर तो एकाच पाकळीत राहतो आणि चाहूल उशिरा लागते. छताखालून तो कोणत्याही बाजूने गेला, तरी पाकळ्या ओलांडतोच. नऊ-दहा फुटांवरच्या सामान्य सेन्सरचा पल्ला साधारण सहा मीटर व्यासाच्या वर्तुळाचा असतो. लांबट पॅसेजमध्ये मधोमध बसवण्याचा मोह टाळावा. आजोबांच्या दारातून पडणारे पहिले पाऊल त्याच्या टप्प्यात यायला हवे. मात्र दार उघडे ठेवून झोपायची सवय असेल, तर कुशीवर वळणाऱ्या माणसानेही दिवा लागेल. अशा वेळी भिंगाच्या त्या बाजूला इन्सुलेशन टेपची एक पट्टी लावली की काम भागते.

पंख्याखाली, एसीच्या झोतासमोर आणि गॅसच्या शेगडीच्या समोरासमोर सेन्सर नको. उबेचा झोत हलला की तो फसतो. भिंगावर येऊन बसलेली पालही त्याला चकवू शकते. विदर्भातल्या वाचकांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. संध्याकाळी भिंतीच अंगाइतक्या तापलेल्या असतात. भिंत आणि माणूस सारखेच उबदार झाले, की सेन्सरला माणूस वेगळा उठून दिसत नाही आणि तो सुस्तावतो. मायक्रोवेव्ह जातीच्या सेन्सरला ही बाधा होत नाही, पण त्याच्या लहरी लाकडी दारातून आणि पातळ भिंतीतूनही पार होतात. शेजारी पाणी प्यायला उठले तरी दिवा आपला लागतो!

जोडणीचे काम जाणत्या वायरमनकडूनच, मेन स्विच बंद करून, टेस्टरने तपासून करवावे. एका गोष्टीकडे मात्र घरच्यांनीही लक्ष ठेवावे. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये तांबडी तार बहुधा फेजची आणि काळी न्यूट्रलची असते. पुष्कळ सेन्सरांत मात्र तपकिरी तार फेजची, निळी न्यूट्रलची आणि तांबडी ही *दिव्याकडे जाणारी* असते. रंगाला रंग जोडण्याची सवय येथे घात करते. खोक्यातला नकाशा वायरमनने उघडून पाहिलाच पाहिजे. दोनच तारांचा सेन्सर घेतला, तर मालवलेला एलईडी दिवा मिणमिणत राहण्याचा संभव असतो. तीन तारांचा घ्यावा.

डबीवर बहुधा तीन छोटे खटके असतात. पहिला दिवा किती वेळ चालू राहावा याचा, दुसरा किती अंधार पडल्यावर काम सुरू करावे याचा (यावर सूर्य आणि चंद्राची चित्रे असतात), तिसरा पल्ल्याचा. चाचणी घेताना वेळ सर्वांत कमी आणि खटका सूर्यावर ठेवावा. घरभर चालून पाहावे. मग रात्री चंद्राकडे वळवावा. पॅसेजसाठी एक-दोन मिनिटे पुरतात. वीज जाऊन आली की सेन्सर अर्धा-एक मिनिट स्वतःला सावरतो आणि तेवढा वेळ दिवा जळत राहतो. तो बिघाड नव्हे. आणि भिंतीवरचे जुने बटण चालूच ठेवायचे आहे, हे घरातल्या सर्वांत काटकसरी माणसाला विशेष समजावून सांगावे; त्याने सवयीने बटण बंद केले की सेन्सर आंधळा होतो.

एक बटण हवेच

न्हाणीघराबद्दल मात्र सावधगिरीचे दोन शब्द. काचेच्या आडोशामागे स्नान करणारा माणूस सेन्सरला दिसत नाही, हे वर आलेच. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, घसरून पडलेला आणि हालचाल न करू शकणारा माणूस त्याच्या लेखी निघून गेलेला असतो. ज्या क्षणी उजेडाची सर्वांत जास्त गरज, त्याच क्षणी दिवा मालवणार! म्हणून तेथे वेळ निदान पंधरा मिनिटांची ठेवावी, आणि सेन्सरला वगळून दिवा कायम चालू ठेवणारे वेगळे बटण हाताशी बसवून घ्यावे. पंधरा मिनिटे झाली आणि आजोबा बाहेर आले नाहीत, हे ध्यानात ठेवणारे यंत्र या डबीत नाही. ते काम घरातल्या माणसांचेच.

या दिवाळीत आकाशकंदील लावायला शिडी निघेलच. त्याआधी एका रात्री सगळे निजल्यावर, एकही दिवा न लावता, आजोबा-आजींच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत एकदा चालून पाहा. जेथे जेथे हात भिंत चाचपू लागेल, तेथे तेथे छतावर पेन्सिलीची खूण करायची आहे, हे मनात टिपून ठेवा. सकाळी वायरमनला तेवढेच दाखवावे.