एका फुंकरीचा कागद

शनिवारची रात्र, साडेबारा-एकचा सुमार. मुंबईत पश्चिम उपनगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बॅरिकेड आडवे लावलेले, वाहतूक शाखेचे चार जण उभे. "साहेब, गाडी बाजूला घ्या. काच खाली. यात फुंका. अजून जोरात." यंत्र पिप करते आणि आकडा दाखवते. आकडा 30 च्या आत असला तर "चला, निघा". वर असला तर यंत्राच्या बुडातून बोटभर रुंदीची पावती बाहेर येते. माणूस टॅक्सीने घरी जातो, झोपतो, दुसऱ्या दिवशी दुपारी उठतो. पावतीचा प्रवास मात्र तिथून सुरू होतो.

ही पावती पुढे कुठे जाते, तिचे काय होते आणि शहरातल्या एखाद्या साध्या नागरिकाला ती बघायची झाली तर तो कुठे पोचू शकतो, याचा हा माग. कायदा म्हणतो की कोर्टाचे कामकाज उघड्यावर चालते, म्हणजे नोंद सार्वजनिक. पण सार्वजनिक असणे वेगळे आणि सापडणे वेगळे.

आधी पावती. बहुतेक यंत्रांच्या पोटात इंधनघट असतो. श्वासातली दारूची वाफ प्लॅटिनमच्या पट्टीवर आली की रासायनिक क्रिया होऊन किंचित वीज निर्माण होते. दारू जितकी जास्त, तितकी वीज जास्त. 2100 मिलिलिटर श्वासात जितकी दारू, साधारण तितकीच 1 मिलिलिटर रक्तात, असा हिशोब धरून यंत्र श्वासाचा आकडा रक्ताच्या भाषेत सांगते. नुकताच घोट घेतलेला असला तर तोंडातच रेंगाळणारी दारू आकडा फुगवते, म्हणून थोडे थांबून दुसऱ्यांदा फुंकायला लावणे हा शहाणपणा. पावतीवर तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक आणि आकडा असतो. पुढे कोर्टात वकील पहिला घाव या चार गोष्टींवरच घालतो.

30 हा आकडा मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 185 मधला : 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त दारू असेल तर गुन्हा. 2019 च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड 2 हजारांवरून 10 हजारांपर्यंत नेला आणि सहा महिन्यांपर्यंतची कैद कायम ठेवली. दुसऱ्यांदा सापडलात तर 15 हजार आणि दोन वर्षांपर्यंत. महाराष्ट्रात याच्या जोडीला एक जुना कायदाही उभा आहे, 1949 चा दारूबंदी कायदा. त्यात रेषा 0.05 टक्क्यांवर, म्हणजे 50 मिलिग्रॅमवर आखलेली. तो विचारतो परवान्याशिवाय प्यायलात का. मोटार कायदा विचारतो पिऊन चालवलीत का. दोन कायदे, दोन मोजपट्ट्या, त्यामुळे कागदही दोन तऱ्हेचे.

पावतीवर भागले नाही, अपघात झाला किंवा माणूस फुंकायलाच तयार नसला, तर पाळी रक्ताची. कलम 185 खाली अटक केलेल्याची दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर त्याला सोडावे लागते. रक्त कसे घ्यायचे हे मुंबई दारूबंदीच्या 1959 च्या नियमांत बारीकसारीक लिहून ठेवले आहे. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसायची नाही, कारण पुसण्याची दारूच नमुन्यात उतरायची. निदान पाच सीसी रक्त, बाटलीत ते गोठू आणि नासू नये म्हणून औषध, वर लाखेचे सील, सोबत डॉक्टरचा दाखला. मग नमुना प्रयोगशाळेत. मुंबईकरांसाठी ती सांताक्रूझच्या कालिन्यात. तिथून जो कागद परत येतो त्याला पोलीस आणि वकील 'सी.ए. रिपोर्ट' म्हणतात, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल.

हा मधला टप्पा सगळ्यांत नाजूक. वांद्र्यातल्या 2002 च्या गाजलेल्या अपघात खटल्यात सत्र न्यायालयाने 2015 च्या मे महिन्यात अभिनेता सलमान खानला दोषी ठरवले आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाने त्याची निर्दोष सुटका केली. त्या निकालपत्रात रक्ताचा नमुना कोणी घेतला, कुठे ठेवला, किती घेतला आणि किती पोचला, यावर पानेच्या पाने आहेत. पुण्यात 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरला दोघांचा जीव गेला, तेव्हा अल्पवयीन चालकाचे रक्त ससून रुग्णालयात बदलल्याचा आरोप झाला आणि डॉक्टरांना अटक झाली. दारूच्या खटल्यात पुरावा बाटलीत असतो, पण तो तिथपर्यंत शुद्ध पोचला की नाही, हे बाटलीसोबतचा कागद सांगतो.

आता कोर्ट. नुसते पिऊन चालवणे, कुणाला इजा नाही, अशा प्रकरणात जागेवर दंड भरून मोकळे होता येत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहावेच लागते. दादर, वांद्रे, कुर्ला, अंधेरी, बोरिवली अशा कोर्टांत सकाळी बोर्ड लागतो, पुकारा होतो, रात्रीचा शर्ट बदललेली माणसे एकामागून एक पुढे येतात. "गुन्हा कबूल आहे?" "हो साहेब." दंड, क्वचित कैद, पुढचा नंबर. असा संक्षिप्त खटला कबुलीवर संपला की लांबलचक निकालपत्र तयार होत नाही. कायद्याने ठरवून दिलेल्या रकान्यांची एक नोंद उरते : अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, आरोपीचे नाव, वडिलांचे नाव, पत्ता, आरोप, त्याचे म्हणणे, निष्कर्ष, शिक्षा. सोबत 'रोजनामा', म्हणजे त्या त्या तारखेला कोर्टात काय घडले याच्या चार ओळी.

हे बघायचे कसे? घरबसल्या बघायचे तर ई-कोर्ट्सचे संकेतस्थळ किंवा त्याचे ॲप. प्रत्येक प्रकरणाला सीएनआर नावाचा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. तो हाताशी असला तर अर्ध्या मिनिटात तारखा, कलमे, न्यायाधीश, स्थिती पुढ्यात. तो नसला तर खटल्याचा क्रमांक, एफआयआर क्रमांक, वकिलाचे नाव, पक्षकाराचे नाव, नाही तर कायदा आणि कलम, असे दरवाजे आहेत. शेवटच्या दरवाज्यातून मोटार वाहन कायदा निवडून 185 टाकले की एका कोर्टापुरती प्रलंबित किंवा निकाली प्रकरणांची यादी मिळते. एका कोर्टापुरती, हे महत्त्वाचे. अख्ख्या मुंबईची एकत्र यादी हवी असेल तर एकेक कोर्ट निवडत फिरावे लागते.

नावाने शोधणाऱ्याची गंमत आणखी वेगळी. नाव रोमन लिपीत भरलेले. आपल्या चौधरींचे स्पेलिंग कुठे डब्ल्यू घालून, कुठे यू घालून, शेवटी आय की वाय हे टंकलेखकाच्या मर्जीवर. कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचे नाव गायब. शिवाय वर्ष सांगावे लागते. त्यामुळे नाव सापडले नाही म्हणजे खटला नाही असे नव्हे, आणि सापडले म्हणजे तो आपल्याच ओळखीचा माणूस असेही नव्हे. नामसाधर्म्यावर कुणाची सोयरीक मोडण्याआधी किंवा नोकरी नाकारण्याआधी प्रत्यक्ष कागद बघणे एवढे तरी कर्तव्य आहे.

कागद म्हणजे नक्कल. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज द्यायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, प्रकरणाचा क्रमांक अचूक लिहायचा. पक्षकाराला प्रमाणित प्रत हक्काने मिळते. त्रयस्थाला ती का हवी आहे हे सांगून परवानगी घ्यावी लागते. माहिती अधिकारातून हा वळसा टाळता येईल असे अनेकांना वाटायचे. 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात ते स्पष्ट केले : न्यायालयीन कागद न्यायालयाच्या नियमांनीच मागायचे.

माहिती अधिकार मात्र पोलिसांच्या दारात उपयोगी. महाराष्ट्रात दहा रुपये, एक विषय, दीडशे शब्दांत अर्ज, तीस दिवसांत उत्तर. अमक्याला पकडले होते का, असे विचारले तर वैयक्तिक माहितीचे कारण पुढे येते, आणि 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ती भिंत आणखी उंच केली. पण अमक्या वर्षी अमक्या विभागात किती तपासण्या, किती प्रकरणे, किती परवाने निलंबनासाठी पाठवले, हे आकडे कोणाचीही खासगी मिळकत नाहीत. अर्ज करणाऱ्याने नावे सोडून आकडे मागितले तर दार उघडण्याची शक्यता जास्त.

अपघात झाला असेल तर आणखी एक दार. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संवेदनशील गुन्हे वगळून एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितले, त्यामुळे महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे आणि तारीख देऊन ते वाचता येतात. ई-चलन बघायला मात्र गाडीच्या क्रमांकाबरोबर चासी किंवा इंजिनच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक लागतात. म्हणजे ते दार मालकासाठी, शेजाऱ्यासाठी नाही. आणि चालक अल्पवयीन असला तर बाल न्याय कायद्याचे कलम 74 त्याची ओळख झाकून ठेवते.

नोंद उघडी असल्याचा खरा फायदा कळतो तो वरच्या कोर्टांत. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढली. सात जण गेले, आठ जखमी. चालकाच्या रक्तात 0.112 टक्के दारू, म्हणजे मर्यादेच्या पावणेचार पट. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने 2007 मध्ये सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षे केली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये ती कायम ठेवली. तो निकाल आज कोणीही फुकट वाचू शकतो. एकाच घटनेला सहा महिने आणि तीन वर्षे अशी दोन मापे का लागली, याचा युक्तिवाद त्यात ओळीओळीने आहे. कार्टर रोडनंतर, 2007 पासून, मुंबईत नाकाबंदीवर फुंकर मारायला लावण्याचा सपाटा सुरू झाला.

म्हणजे चित्र असे : मोठा खटला पूर्ण वाचता येतो, एखादे लहान प्रकरण क्रमांक असला तर सापडते, पण शहराचा हिशोब कुठेच एका जागी दिसत नाही. पावती पोलिसांकडे, अहवाल कालिन्यात, रोजनामा कोर्टात, परवाना आरटीओत. प्रत्येक घराची किल्ली वेगळी. एखाद्याचे नाव हुडकणाऱ्याला थोडेफार हाती लागते. आपल्या वॉर्डात पकडलेल्यांपैकी कितींना शिक्षा झाली, असे विचारणाऱ्याला चार घरे फिरून स्वतःच बेरीज करावी लागते. पहिल्याचे काम सोपे आणि दुसऱ्याचे अवघड, हा क्रम उलटा असायला हवा होता.

ही गरज फक्त नागरिकाची नाही. दुसऱ्या गुन्ह्याला जास्त शिक्षा हे कायद्याने लिहिले, पण दुसरा गुन्हा दुसरा आहे हे सिद्ध करायला पहिल्याचा कागद लागतो. जप्त केलेला परवाना आरटीओकडे जातो. परवाना क्रमांक हाच माणसाला धरून ठेवणारा एकमेव धड धागा, कारण त्याचे स्पेलिंग बदलत नाही. ई-कोर्ट्सवर शोधायच्या दरवाज्यांत परवाना क्रमांकाचा दरवाजाच नाही.

त्यामुळे अंधेरीत दंड भरलेला माणूस तीन वर्षांनी कुर्ल्याच्या कोर्टात उभा राहतो. न्यायाधीश विचारतात, "याआधी कधी शिक्षा झालीय?"

"नाही साहेब."

सरकारी वकील समोरची फाइल चाळतात. फाइलीत एकच पावती असते.