मागून येणाऱ्याचा दिवा

खंडेनवमीला आमच्या गावी कोयते, विळे, पहार, कुदळ यांच्या जोडीने ट्रॅक्टरचीही पूजा होते. बॉनेटवर झेंडूची माळ, हेडलाइटला हळदकुंकवाची बोटे, चाकाखाली लिंबू. ट्रॉल्यांच्या वाट्याला उरलासुरला हार येतो. गेल्या वर्षी वाळवा तालुक्यातल्या आमच्या घरी गेलो तेव्हा हा क्रम उलटा झालेला दिसला. ट्रॅक्टर चिखलाने माखलेला तसाच उभा होता आणि आमचे थोरले चुलतभाऊ (आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो) दोन्ही ट्रॉल्या पाठमोऱ्या लावून, उकिडवे बसून त्यांच्या मागच्या दिव्यांकडे पाहत होते. दिवे म्हणजे तरी काय? चार गंजके होल्डर, त्यांतल्या दोघांवर तडकलेली लाल काच आणि एकातून लोंबणारी वायर.

त्यामागचे कारण घरात सगळ्यांना ठाऊक होते, पण बोलत कोणी नव्हते. आधीच्या हंगामात, ऐन थंडीत, रात्री साडेनवाच्या सुमाराला भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. ड्रायव्हर ट्रॅक्टर सोडवून चाकाच्या सोयीला गेलेला. शेजारच्या गावचा एक मुलगा मोटारसायकलवरून आला आणि सरळ त्या उसावर आदळला. मुलगा वाचला. मांडीत सळई घालावी लागली, बारावीचे वर्ष बुडाले. अण्णा अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी त्याला बघायला जातात. काय बोलतात, ते त्यांनी सांगितलेले नाही आणि आम्हीही विचारलेले नाही.

उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे चित्र नवे नाही. दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडली की मार्च-एप्रिलपर्यंत रस्ते उसाचेच. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांवर छातीला छाती लावून रचलेला ऊस, आणि मागे हातभर बाहेर आलेले शेंडे. पूर्वी ऊस बैलगाडीने जायचा तेव्हा गाडीच्या आसाखाली कंदील टांगलेला असे. तो हेलकावे खायचा, काजळी धरायचा, पण लांबून कळायचे की पुढे कुणीतरी चालले आहे. गाडीची ट्रॉली झाली, ओझे कित्येक पटींनी वाढले, आणि कंदील मात्र वाटेत कुठेतरी गळून पडला.

खरे तर नियम आहेत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ट्रेलरलाही मागे दोन लाल रिफ्लेक्टर सांगितलेले आहेत, आणि अंधार पडल्यावर दिवे लावण्याचे बंधन तर आहेच. हंगामाच्या तोंडाला कारखानेही रिफ्लेक्टर वाटतात, फोटो निघतात. मग दिवे टिकत का नाहीत? मला याचे उत्तर फार साधे वाटते. हेडलाइट गेला तर चालवणाऱ्याला दिसत नाही, म्हणून तो त्याच रात्री दुरुस्त होतो. मागचा दिवा गेला तर त्याचे काहीच अडत नाही. तो दिवा त्याच्यासाठी नसतोच, तो मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतो. गंमत अशी, की त्याच ट्रॅक्टरवर गाण्याच्या पेट्यांना गेलेली वायर जाड, अखंड आणि नीट बांधलेली असते. पुढे गाणे, मागे अंधार!

अण्णांनी तालुक्याच्या गावाहून वायरिंगचा मिस्त्री आणला होता. वयस्कर, कमी बोलणारा माणूस. अण्णांचा बेत चार नवे एलईडी दिवे आणून जुन्या जागी बसवायचा. मिस्त्रीने दिव्यांचा खोका उघडलासुद्धा नाही.

"अण्णा, बल्ब मरत न्हाई, वायर मरती," तो म्हणाला. "आधी अर्थिंग बघू."

आणि त्याने जे दाखवले ते मला आजवर कोणी सांगितले नव्हते. बॅटरीतून दिव्यापर्यंत वीज वायरीने जाते, पण परत यायला बहुतेक ट्रॉल्यांत वायरच नसते. ती ट्रॉलीच्या लोखंडातून, हुकातून आणि हुकाच्या पिनेतून ट्रॅक्टरकडे परतते. या पिनेवर गंज, ग्रीस, माती. रस्त्यावर हिसका बसला की लोखंडाला लोखंड टेकते, सुटते, पुन्हा टेकते. परतीची वाट बंद झाली की वीज दुसऱ्या बल्बातून चोरवाटा शोधते. त्यामुळे ब्रेक दाबला की साइड इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर लावला की टेल लॅम्प उघडझाप करतो. मागच्याने यातून काय अर्थ काढायचा? मिस्त्रीने पहिल्यांदा परतीची स्वतंत्र वायर दोन्ही ट्रॉल्यांच्या शेवटापर्यंत ओढली. ती जोडताच जुन्या चारांतला एक दिवा कोणी हात न लावता पेटला. अण्णा त्याच्याकडे बघतच राहिले.

दुसरे दुखणे लांबीचे. ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून दुसऱ्या ट्रॉलीच्या शेपटापर्यंत सहज चौदा-पंधरा मीटर अंतर होते. जुन्या पद्धतीचा ब्रेकचा बल्ब २१ वॉटचा, टेलचा ५ वॉटचा. दोन ट्रॉल्यांचे चार ब्रेकलाइट एकदम पेटले की सात अँपिअर वीज लागते. वायर स्वस्तातली, बारीक असेल तर बारा व्होल्टांतले दोन-अडीच व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, आणि बल्बाचा उजेड तेवढ्याने निम्म्यावर येतो. शिवाय खड्ड्यांच्या धक्क्यांनी त्याची तार तुटते, ती गोष्ट वेगळीच. एलईडीचा खरा फायदा इथे आहे. तुटायला तार नाही, आणि चार दिवे मिळून एक अँपिअरसुद्धा लागत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे बल्बाची तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा जातो, एलईडी तत्क्षणी पेटतो. ताशी साठच्या वेगाने मागून येणारा तेवढ्या वेळात तीन मीटर पुढे आलेला असतो.

याच वेगाचा हिशेब मी त्या रात्री कागदावर मांडला. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबायला आणखी पंचवीसएक. म्हणजे झाले पन्नास. हेडलाइट खाली झुकवलेला असताना काळपट ढीग दिसतो तोच मुळी चाळीस-पन्नास मीटरांवर. समोरून एखादा ट्रक डोळ्यांवर झोत टाकत आला तर त्याहूनही जवळ. त्या मुलाच्या वेगाबद्दल गावात बरेच बोलले गेले होते. मी तो कागद अण्णांना दाखवला नाही.

काम दोन दिवस चालले. मिस्त्रीने वायर प्लॅस्टिकच्या नळीतून, चासीच्या आतल्या बाजूने नेली. पीळ मारून टेप गुंडाळलेले सगळे सांधे तोडले, डाग देऊन त्यांवर तापवल्यावर आकसणारी नळी चढवली. दोन ट्रॉल्यांमध्ये झाकणाचे सात पिनांचे सॉकेट बसवले. इंडिकेटर लावून पाहिला तर तो पिसाळल्यासारखा फडफडू लागला. जुन्या फ्लॅशरला बल्बाच्या भाराची सवय, एलईडीचा भार त्याला जाणवेना. फ्लॅशर बदलावा लागला.

दिवे कुठे लावायचे यावर मात्र दोघांचे चांगलेच वाजले. फळीच्या वरच्या कडेला लावावेत तर उसाखाली झाकले जाणार, कारखान्यात ऊस उतरवताना साखळदंडांनी उखडणार. खाली लावावेत तर चिखल. शेवटी चासीच्या मागच्या आडव्या पट्टीवर, लोखंडी चौकटीच्या आत ते बसवले. फळीला तांबडी परावर्तक पट्टी, बाजूंना पिवळी. अण्णांनी स्वतः भर घातली ती एका कापडी पट्ट्याची. त्यावर रिफ्लेक्टर शिवून घेतले, आणि तो ऊस भरून झाल्यावर शेंड्यांवरून बांधायचा. ट्रॅक्टर सोडवला की ट्रॉलीचे सगळे दिवे विझतात. तेव्हा विजेवाचून चालणारे एवढेच उरते. त्या रात्री ट्रॉलीला तेवढेही नव्हते.

डिसेंबरात पुन्हा गेलो तेव्हा ट्रॉल्या भरून निघाल्या होत्या. अण्णा म्हणाले, "चल, मागनं बघू." मोटारसायकलवर आम्ही दोघे अंतर ठेवून मागे लागलो. तिठ्याच्या वळणावर, चांगल्या दोनशे मीटरांवरून दोन लाल ठिपके स्पष्ट दिसले. मी काही बोलणार तोच अण्णांनी माझा खांदा दाबला. डावा ठिपका मधूनच नाहीसा होत होता. जवळ जाऊन पाहिले तर दिवा पेटलेलाच होता. पाचटाचा एक झुपका सुटून त्याच्यावर लोंबत होता. अण्णांनी हाक मारून गाडी कडेला थांबवली, ड्रायव्हरकडचा कोयता घेतला आणि छाटायला बसले. मी मोटारसायकल आडवी लावून तिच्या हेडलाइटचा उजेड त्यांच्या हातांवर धरला.