शेवाळी अकीक : दगडात उगवलेले झाड

अकीक हा दगड आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना नवा नाही. कोणी हकीक म्हणत, कोणी अकीक. मुंबईत असताना मोहमदअली रोडच्या दुकानांतून त्याच्या अंगठ्या आणि माळा टांगलेल्या आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. त्यातलीच एक जात म्हणजे शेवाळी अकीक. दुधी, अर्धपारदर्शक दगड आणि आत हिरवे शेवाळ, नेचे नाहीतर काळे झाड अडकल्यासारखे दिसते. अमेरिकेत सध्या तो 'बरे करणारा दगड' म्हणून खूप खपतो. आपल्याही काही घरांत तो उशाशी येऊन बसला आहे, म्हणून आम्ही हे लिहायला घेतले.

बाळांनो, प्रथम तुमच्यासाठी. त्या दगडात झाड नसते बरं का! पानही नाही, शेवाळही नाही. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. वाळूत आणि काचेत जी सिलिका असते, तीच विरघळलेले पाणी त्या पोकळ्यांत झिरपते आणि थरावर थर बसून अकीक तयार होतो. मधल्या काळात लोह किंवा मँगनीज असलेले पाणी आत शिरले की त्यांचे कण फांद्या फुटल्यासारखे पसरत जातात. इथे हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर हिमाची पाने उमटतात ना, तसेच काहीसे. काळी झाडे बहुधा मँगनीजची, तांबूस रंग लोहाचा.

आपले सह्याद्रीचे कातळ अशाच लाव्ह्याचे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. त्यामुळे दख्खनच्या खडकांत आणि नद्यांच्या गोट्यांत अकीक सापडतो. उत्तर प्रदेशात बांद्याजवळ केन नदीत झाडाच्या नक्षीचा जो दगड मिळतो, त्याला 'शजर' म्हणतात. अरबीत शजर म्हणजे झाड. त्या कारागिरीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि या देशात पाहायचा असेल तर माँटाना राज्यात यलोस्टोन नदीच्या काठी. तिथे वसंतातला पूर ओसरला की हौशी लोक गोटे वेचायला निघतात. १९६९ मध्ये त्या राज्याने नीलम आणि अकीक या दोघांना राज्यरत्न ठरवले.

दंतकथांना तर अंत नाही. जुन्या ग्रीकांत असा समज होता की झाडाचा अकीक नांगराच्या बैलाच्या शिंगाला बांधला की पीक चांगले येते. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने पिऱ्हस राजाच्या अंगठीची हकीकत दिली आहे. तिच्या अकीकात म्हणे अपोलो देव आणि नऊ कलादेवता आपोआप उमटलेल्या होत्या! खरे किती कोण जाणे. पण माणसाला दगडात खूण दिसतेच. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हान्नबीच्या रथाची खूण म्हणून ज्या शिळेपाशी आपले लोक नवस फेडायला जातात, ती आठवा. आणि आपल्या तोरात तर मुख्य याजकाच्या उरपट्टीवर बारा रत्ने सांगितली आहेत. त्यातले आठवे 'शेवो'. बहुतेक भाषांतरकार शेवो म्हणजे अकीकच समजतात. त्यावर इस्राएलच्या वंशाचे नाव कोरलेले असे. दुखणे बरे करण्याशी मात्र तिथे त्याचा काही संबंध जोडलेला नाही.

आता दुखण्याविषयी. आम्ही आयुष्यभर वॉर्डात काम केले, तेव्हा स्पष्टच सांगतो. अकीकाने रक्तदाब उतरत नाही, साखर उतरत नाही, सांधे मोकळे होत नाहीत. दगड मुठीत धरून अंगठ्याने चोळत बसले की मन जरा शांत होते, हे खरे. आम्ही ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटच्या हातात कोणी स्मरणी, कोणी मेझुझा, कोणी आईचा रुमाल पाहिला आहे, आणि कधीही काढून घेतला नाही. पण गोळी सोडून दगड नको. दगड बुडवलेले पाणी औषध म्हणून पिण्यातही काही अर्थ नाही. अकीक पाण्यात उतरत नाही, आणि दगड रंगवलेला असला तर रंग मात्र पोटात जायचा.

या दगडाने आजार होतो, तो वेगळ्याच माणसाला. गुजरातेत खंभातला अकीक घासण्याचा धंदा फार जुना, मणी करण्याची ही विद्या हडप्पाच्या काळापासूनची. तिथले कारागीर बरेचदा घराच्या ओसरीवरच मोटरच्या चाकावर दगड कोरडा घासतात. ती पांढरी धूळ म्हणजे सिलिका. तिचे सूक्ष्म कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात, तिथे व्रण पडून फुप्फुस कडक होत जाते. याला सिलिकोसिस म्हणतात. याला उलट फिरवणारे औषध नाही, वर क्षयाचा धोका वाढतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांची तपासणी करून हे नोंदवले आहे. धूळ घरातच उडते, म्हणून चाकाला कधी हात न लावलेल्या बायका-मुलांनाही ती सोडत नाही. खोकला, धाप, वजन घटणे. क्षय समजून वर्षानुवर्षे औषधे देत राहावे आणि मूळ रोग निराळाच, असेही होते. लोकांना आरोग्य देणारा मणी घासताना घासणाऱ्याचा श्वास जावा, हे आमच्या मनाला फार लागते.

आणि हे दूरच्या खंभातचेच आहे असे समजू नका. आपल्या स्वयंपाकघरांतले नवे 'क्वार्ट्झ'चे ओटे बनावट दगडाचे असतात, त्यात सिलिका ९० टक्क्यांहूनही अधिक असू शकते. ते कापणारे कॅलिफोर्नियातले तरुण मजूर, बहुतेक लॅटिन अमेरिकेतून आलेले, याच रोगाने आजारी पडले. काहींना फुप्फुस बदलावे लागले. तेव्हा २०२३ च्या डिसेंबरात त्या राज्याने तातडीचे नियम केले. ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून असा दगड बंदच केला. तयार बसलेल्या ओट्याने घरातल्या माणसांना काही होत नाही, घाबरू नये. धोका कापताना आणि घासताना.

म्हणून मणी घेताना विचारावे : कुठे घासला? पाणी सोडून घासला की कोरडा? दुकानदाराला बहुधा ठाऊक नसते, तरी विचारावे. पुष्कळांनी विचारले तर त्याला ठाऊक करून घ्यावेच लागेल. तुमच्या घरी कोणी हौसेने दगड घासत असेल तर चाकावर पाणी सतत चालू ठेवावे, नीट बसणारा एन-९५ मास्क लावावा, आणि धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. ते कपडे घरच्या कपड्यांत टाकू नयेत.

खरा दगड ओळखणे फार कठीण नाही. सुरीने त्यावर ओरखडा उठत नाही, आणि हाताला तो काचेपेक्षा गार लागतो. भडक गुलाबी किंवा झगझगीत निळा अकीक दिसला तर तो रंगवलेला समजावा. असा दगड सतत उन्हात ठेवला तर रंग उडू शकतो. साफ करायला कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश पुरे. ब्लीच नको, अत्तर आणि तेलही लांबच. एकदम उष्णता लागली तर तडा जातो, तेव्हा पोळ्या-भाकऱ्या करताना अंगठी काढून ठेवावी. मोत्यांच्या डबीत तर तो मुळीच ठेवू नये, मोती मऊ असतात, चरे पडतात.

घरात रांगते मूल असेल तर गुळगुळीत गोटे वरच्या फळीवर ठेवा, ते सरळ तोंडात जातात. मोठ्या मुलांनी मात्र अकीकाची पातळ चकती दुपारच्या उजेडात खिडकीपाशी धरून पाहावी. आमच्या नातवाला तिच्यात समुद्र दिसला, नातीला केस पिंजारलेली आजी.