धावणाऱ्या मुलींमागचे कोच

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरला कांस्यपदक आणलं, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. पण तिला नाशिकला शिकवणारे कोच विजेंद्रसिंग किती जणींना ठाऊक आहेत? वडाळीभोईची संजीवनी जाधवही त्यांच्याच हाताखालची. 2017 ला भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत तिनं पाच हजार मीटरला कांस्य मिळवलं.

कोच म्हणजे नुसती शिट्टी नव्हे. दहा हजार मीटर म्हणजे मैदानाच्या 25 फेऱ्या. सुरुवातीलाच दामटलं तर शेवटी पाय उचलत नाहीत. म्हणून कोच घड्याळ धरून प्रत्येक फेरीचा वेळ टिपतो. रोज जोरात पळवायचंही नसतं. बरेच दिवस संथ आणि लांब पळायचं, मधेच एखादा दिवस वेगाचा, मग विश्रांती.

आणखी एक. कमी खाऊन जास्त पळलं की पाळी थांबू शकते, हाडं कमजोर होतात. रक्त कमी असेल तर दम लागतो. हे पुरुष कोचला सांगायला मुली लाजतात. अशा वेळी आईनंच मैदानावर जाऊन बोलावं, असं आम्हाला वाटतं.

बाईही कोच होऊ शकते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्याचा डिप्लोमा असतो. प्रवेशाला पदवी लागते, खेळातली कामगिरीही बघतात. तेव्हा मुलीची शाळेपासूनची खेळाची प्रमाणपत्रं ट्रंकेत नीट ठेवा.