कृपेने तारण : पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

अचलपूर-परतवाड्याला ख्रिस्ती समाज नवा नाही. अचलपूरला एलिचपूर म्हणत त्या काळात, 1870 च्या दशकात, अमेरिकन मिशनरी आल्बर्ट नॉर्टन इथे राहून मेळघाटातल्या कोरकू आदिवासींमध्ये काम करू लागले. पुढे कुर्कू मिशनचे जॉन ड्रेक यांनी 1903 मध्ये कोरकू भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. शेजार असा जवळजवळ दीडशे वर्षांचा. तरीही ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा कोणता, असे विचारले तर बहुतेक उत्तरे ऐकीव निघतात. काही गैरसमज तर ख्रिस्ती घरांतही मुरलेले आहेत.

मूळ शिकवण थोडक्यात अशी : माणसाचे तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने होते, येशू ख्रिस्तावरील विश्वासाच्या द्वारे होते, आणि ते कोणीही स्वतःच्या कर्तबगारीने मिळवत नाही. प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय हा तिचा मुख्य आधार.

गैरसमज 1 : पुण्य जास्त आणि पाप कमी भरले की तारण होते.

वस्तुस्थिती : ख्रिस्ती शिकवणीत असा ताळेबंद नाही. कापूस वेचणाऱ्या बाईला संध्याकाळी किलोमागे ठरलेले पैसे मिळतात. ती तिची मजुरी, मालकाचे उपकार नव्हेत. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल मजुरी आणि कृपा यांत हाच फरक करतो. तारण मजुरीच्या खात्यात बसत नाही. येशूच्या दृष्टांतातला परुशी, म्हणजे कर्मठ यहुदी, मंदिरात आपले उपास आणि दशमांश मोजून दाखवतो, तर जकातदार मान खाली घालून फक्त दया मागतो. नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार.

गैरसमज 2 : बाप्तिस्मा झाला, नाव मंडळीच्या वहीत चढले, काम संपले.

वस्तुस्थिती : याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज इथे झाला. पण 1907 च्या आपल्या साक्षीत त्या मोकळेपणाने सांगतात, की त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मनाला स्वस्थता नव्हती. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. पाळक होऊन काही वर्षे लोटल्यावर आपले खरे परिवर्तन झाले, असे तो सांगतो. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी रमाबाईंनी स्वतःच्या निश्चयावर विसंबणे सोडले आणि ख्रिस्तावर भरवसा ठेवला. कॅथलिक आणि इतर काही मंडळ्या बाप्तिस्म्याला कृपेचे साधन मानतात, हे खरे. पण त्यांच्याकडेही तो माणसाची कमाई ठरत नाही.

गैरसमज 3 : नुसता विश्वास ठेवायचा, मग कसेही वागायला मोकळीक.

वस्तुस्थिती : हा सर्वांत पसरलेला आणि सर्वांत चुकीचा समज. कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, हा प्रश्न पौलाने स्वतःच रोमकरांस पत्रात काढला आणि तिथेच ठाम नकार दिला. याकोबाच्या पत्रात तर कृतीवाचूनच्या विश्वासाला निर्जीव म्हटले आहे. देव आहे एवढे भुतेही मानतात, असा टोलाही त्यात आहे. जर्मन धर्मगुरू डीट्रिक बोनहोफर यांनी 1937 मध्ये 'स्वस्त कृपा' म्हणून झोडपले ते याच वृत्तीला.

विश्वास आणि कृती यांचे नाते जवळच पाहता येते. परतवाड्याजवळ कोठारा इथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. कुष्ठरोगात तळपाय सुन्न होतो, काटा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळते. म्हणून पाय रोज पाण्यात भिजवायचा, घट्टा खरवडायचा, तेल लावायचे, पुन्हा जखम तपासायची. हे चिकाटीचे काम आहे. ते श्रद्धेने करणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या तारणात त्यामुळे तसूभरही भर पडत नाही, असे ही शिकवण सांगते. तारण आधीच मिळाले म्हणून तो हे करतो. सेवा ही तारणाची किंमत नव्हे, ती तारणाचे फळ आहे.

गैरसमज 4 : कॅथलिक कर्माने तारण मानतात, प्रोटेस्टंट विश्वासाने.

वस्तुस्थिती : जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1517 मध्ये वाद पेटवला हे खरे. पण देवाच्या कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो, या मताचा कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेनेही 1547 मध्ये निषेधच केला. मतभेद वेगळ्या ठिकाणी आहे : विश्वास एकटाच पुरेसा की त्याबरोबर प्रीती आणि कृपेने घडलेली कर्मेही धरायची. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथे कॅथलिक आणि लूथरन मंडळ्यांनी या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पुढे मेथडिस्ट मंडळ्याही त्यात सामील झाल्या. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण तारणाची सुरुवात कृपेनेच होते यावर एकमत आहे.

गैरसमज 5 : मिशनचे धान्य, शाळा, औषध घेतले की माणूस ख्रिस्ती झालाच.

वस्तुस्थिती : दुष्काळात पोटासाठी धर्म बदलल्याचा आरोप जुना आहे, आणि तो प्रत्येक ठिकाणचा पुरावा पाहूनच तपासायला हवा. शिकवणीपुरते मात्र उत्तर स्वच्छ आहे. धान्याच्या बदल्यात दिलेला होकार हा सौदा झाला, आणि सौद्याने तारण मिळत असेल तर कृपा या कल्पनेचाच पाया उखडतो. आमिष दाखवणारा प्रचारक म्हणूनच आपल्याच शिकवणीविरुद्ध वागतो.

या विषयावर कोणाशी वाद घालण्याआधी इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली आठ, नऊ आणि दहा ही तीन वचने एका दमात वाचा. नवव्यावर थांबलात तर विश्वास ही सवलत वाटेल, दहाव्यापासून सुरुवात केलीत तर तारण ही कमाई वाटेल. बहुतेक गैरसमज या अर्धवट वाचनातूनच जन्मले आहेत.