मालकाचा हात थांबला, तर धंदा थांबतो का?

समजा उद्या तुमच्या हाताला फ्रॅक्चर झालं. दीड महिना प्लास्टर. तुमचा मसाला, तुमची शिलाई, तुमचा केक... माल बाहेर पडेल का? बहुतेकांचं उत्तर मला ठाऊक आहे.

आता डेल चिहुली यांची गोष्ट बघा. अमेरिकेतले काचशिल्पकार, जन्म १९४१. १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघात झाला आणि डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. एका डोळ्याने अंतराचा अंदाज नीट येत नाही, आणि समोर हजार अंशांच्या वर तापलेली काच! तरी त्यांनी काम रेटलं. १९७९ मध्ये समुद्राच्या लाटांवर खेळताना खांदा निखळला. काचेची फुंकनळी जड असते, सतत फिरवत राहावी लागते. जरा थांबलात की टोकाचा गोळा एका बाजूला लोंबलाच. चिहुलींनी नळी दुसऱ्याच्या हातात दिली.

पण टीम काही त्या दिवशी शोधायला घेतली नव्हती. १९६८ मध्ये व्हेनिसच्या व्हेनिनी कारखान्यात त्यांनी एक उस्ताद आणि त्याचे मदतनीस एकत्र काम करताना पाहिले होते. १९७१ मध्ये सिएटलच्या उत्तरेला पिलचक ही काचकामाची शाळा सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. विल्यम मॉरिस तिथे ट्रक चालवायला आला, पुढे चिहुलींचा मुख्य कारागीर झाला आणि नंतर स्वतः नावाजलेला शिल्पकार. माणूस ओळखणं म्हणतात ते हे.

डोक्यातला आकार टीमला कसा सांगायचा? ते मोठ्या कागदावर रंगांनी झपाझप चित्रं काढायचे. नंतर ती चित्रंही विकली जाऊ लागली, हा वरचा नफा! लास व्हेगासच्या बेलाजिओ हॉटेलच्या छतावर त्यांची दोन हजारांवर काचेची फुलं आहेत. जेरुसलेमच्या जुन्या दगडी किल्ल्यात १९९९ साली त्यांनी काच मांडली, ती बघायला दहा लाखांवर लोक आले. यातला कुठला तुकडा कुणी फुंकला, हे कुणी विचारलं नाही.

याला दुसरी बाजूही आहे. २००५ मध्ये त्यांनी आपल्याच एका जुन्या कारागिरावर नक्कल केल्याचा दावा लावला. पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला. काम शिकवलं की हे घडू शकतं. माझ्या मते तरीही शिकवावं, पण डिझाइन कुणाचं, नाव कुणाचं, हे कामावर घेतानाच कागदावर आणावं. घरच्या माणसाशीसुद्धा.

तर या रविवारी एवढं करा. तुमचा सगळ्यात जास्त खपणारा एक माल घ्या. माप, वेळ, भाव, आणि तुम्ही 'अंदाजाने' करता ते सगळं वहीत उतरवा. मग ती वही हाताखालच्या माणसाला द्या आणि तासभर दुकानाबाहेर चहा प्यायला जा. फोन दुकानातच ठेवून.